मिंट रोडवरचा पाव टक्का सुकापूरला कसा पोहोचतो

दर दोन महिन्यांनी, सकाळी दहाच्या ठोक्याला, मुंबईत मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कॅमेऱ्यासमोर बसतात आणि एक आकडा जाहीर करतात. ५ डिसेंबर २०२५ रोजी तो आकडा होता ५.२५. त्याआधी होता ५.५०. फरक फक्त पाव टक्क्याचा. त्या क्षणी कुठे वीट हलली नाही, कुठे कुदळ पडली नाही. तरीही नवीन पनवेलला लागून माथेरान रस्त्यावर पसरलेल्या सुकापुरात त्या पाव टक्क्याने कितीतरी घरांचा महिन्याचा हिशेब बदलणार होता आणि एखाद्या अर्ध्यावर थांबलेल्या इमारतीचा पुढचा स्लॅब कधी पडायचा, हेही थोडंफार ठरणार होतं. कसं काय? आकडा तर नुसता उच्चारला!

ही गोष्ट समजून घ्यायला सुकापूरइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही. पाली देवद ग्रामपंचायतीतलं हे गाव. जिथे भाताची खाचरं होती, तिथे आज इमारतीला इमारत लागून उभी आहे आणि त्या इमारतींमधल्या असंख्य घरांच्या मागे गृहकर्ज आहे. पैशाचा भाव काय असावा हे रिझर्व्ह बँक ठरवते. कर किती घ्यायचा, खर्च कशावर करायचा आणि उसनवारी किती करायची, हे दिल्लीत आणि मंत्रालयात ठरतं. पहिल्याला पतधोरण म्हणतात, दुसऱ्याला राजकोषीय धोरण. नावं जड आहेत, पण दोघांची वाट शेवटी दोन खोल्या, हॉल, किचनमध्येच येऊन थांबते.

आधी एका चमत्काराकडे वळू, कारण तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

समजा, सुकापुरात कोणी ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं. बँकेने हे ३० लाख आणले कुठून? बहुतेक जण म्हणतील, ठेवीदारांचे उचलून दिले. पण कर्ज मंजूर झालं म्हणून कोणाही ठेवीदाराच्या पासबुकातला एक रुपयाही कमी होत नाही! बँक आपल्या हिशेबात एका बाजूला लिहिते, या माणसाकडून ३० लाख येणे. दुसऱ्या बाजूला फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरच्या खात्यावर ३० लाख जमा दाखवते. झालं. सकाळी जो पैसा जगात नव्हता तो दुपारी आहे. आणि कर्जदार हप्ते भरत जातो तसा मुद्दलाएवढा पैसा पुन्हा पुसला जातो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे अगदी स्वच्छ शब्दांत सांगून टाकलं. आपण ज्याला पैसा म्हणतो त्याचा फार मोठा भाग नाशिकच्या नोटांच्या छापखान्यात तयार होत नाही, तो तुमच्याआमच्या कर्जाच्या अर्जावरच्या सहीतून जन्मतो.

मग बँका मनाला येईल तेवढा पैसा का निर्माण करत नाहीत? कारण बिल्डरचं खातं अनेकदा दुसऱ्या बँकेत असतं. तो खडीवाल्याला पैसे देतो, त्याचं खातं तिसऱ्याच बँकेत. बँकांना एकमेकींची देणी चुकवावी लागतात आणि ती चुकतात रिझर्व्ह बँकेत असलेल्या त्यांच्या खात्यांमधून. त्या खात्यात पैसे कमी पडले की बँक सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उसने घेते. त्या उसनवारीचा भाव म्हणजे रेपो दर. तोच तो सकाळी दहाला वाचला जाणारा आकडा! शिवाय ठेवींचा ठरावीक वाटा बँकेला रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवावा लागतो. २०२५ च्या जूनमध्ये हा वाटा ४ टक्क्यांवरून ३ टक्के करायचं ठरलं, तेव्हा या एका टक्क्याने सुमारे अडीच लाख कोटी रुपये बँकांच्या हातात मोकळे होतील असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं. एक टक्का, अडीच लाख कोटी!

पण रेपो बदलला म्हणून घरचा हप्ता लगेच बदलतो का? पूर्वी नाही बदलायचा. डोंगरउतारावरच्या खाचरांमध्ये पाणी कसं उतरतं ते आठवा. वरच्या खाचरात पाणी सोडलं तरी ते भरेपर्यंत खालचं खाचर कोरडंच राहतं आणि मधल्या कोणी बांधाला तोंड पाडलंच नाही तर खालच्याने आभाळाकडे बघत बसायचं. रेपो दराचं नेमकं तेच व्हायचं. रिझर्व्ह बँकेने दर उतरवले की बँका आपलं खाचर आधी भरून घ्यायच्या आणि कर्जदारापर्यंत थेंब थेंब यायचा. शेवटी रिझर्व्ह बँकेने बांधच फोडला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं सक्तीचं झालं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो दर बदलून घेणंही. मला स्वतःला ही अलीकडच्या काळातली सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत मोठी सुधारणा वाटते. वर्तमानपत्रांत ती आतल्या पानावर येऊन गेली, पण मिंट रोड ते सुकापूर हे अंतर तिने जवळजवळ नाहीसं केलं.

आता आकडेमोड करू. अगदी साधी आहे, आणि थक्क करणारी आहे.

३० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, व्याज ७ टक्के. हप्ता येतो सुमारे २३,२५९ रुपये. पहिल्याच महिन्यात यातले साडेसतरा हजार नुसत्या व्याजात जातात. वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरले तरी बाकी राहते २९ लाख २८ हजारांच्या पुढे. आता समजा दर ७ वरून ९.५ टक्क्यांवर गेला. या बाकीवर महिन्याचं व्याज होतं २३,१८५ रुपये. म्हणजे जुना हप्ता तसाच ठेवला तर मुद्दलातून दरमहा फिटणार किती? जेमतेम ७४ रुपये! या वेगाने सुरुवात केली तर कर्ज संपायला साठ वर्षं लागतील. चाळिशीतल्या माणसाने घेतलेलं कर्ज शंभरी ओलांडून जाईल. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचं हे कर्जदाराला विचारा. त्यामागे हीच आकडेमोड होती. अडीच टक्के हा फरक काही मी कल्पनेने घेतलेला नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, बरोबर अडीच टक्के.

हाच हिशेब उलटा करून पाहा, त्यात आणखी मोठी गंमत दडलेली आहे. एखादं कुटुंब महिन्याला २३,२५९ रुपयेच बाजूला काढू शकतं. ९.५ टक्के दराने त्यांना २० वर्षांसाठी कर्ज मिळेल सुमारे २४ लाख ९५ हजार. ७ टक्क्यांनी मिळेल ३० लाख. पगार तोच, काटकसर तीच, फक्त मिंट रोडवरचा आकडा बदलला आणि कुटुंब पाच लाखांनी श्रीमंत झालं! झालं का खरंच? नीट विचार करा. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर फ्लॅट शोधणारं प्रत्येक कुटुंब तेवढंच 'श्रीमंत' झालेलं असतं. फ्लॅट मात्र कालच्याइतकेच असतात. मग ते पाच लाख जातात कुठे? त्यांतले बरेचसे हळूहळू फ्लॅटच्या किमतीत मुरतात आणि तिथून जमिनीच्या भावात. स्वस्त कर्जाचा आनंद घेणाऱ्याला होतो आणि फायद्याचा मोठा वाटा विकणाऱ्याच्या घरी जाऊन बसतो.

२०२० साली तर दोन्ही धोरणांनी एकाच वेळी जोर लावला. टाळेबंदी लागून तिसराच दिवस, २७ मार्च. रिझर्व्ह बँकेने रेपो एका फटक्यात पाऊण टक्क्याने उतरवून ४.४० वर आणला, आणि २२ मेला ४ वर. पण नोकरी राहील की जाईल या धास्तीत असलेला माणूस पैसा स्वस्त झाला म्हणून घर घ्यायला निघतो होय? भीतीवर व्याजदराचं औषध फारसं लागू पडत नाही. तेव्हा महाराष्ट्र सरकारने आपल्या हातातला उपाय काढला. ऑगस्टच्या अखेरीस मंत्रिमंडळाने ठरवलं, की घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी कमी आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी. ५० लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे रोख दीड लाख.

पुढे जे घडलं ते बघण्यासारखं आहे. मुंबई शहरात त्या डिसेंबरात १९ हजारांहून अधिक घरांची नोंदणी झाली, आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या जवळपास तिप्पट. तेही साथीच्या वर्षात! सरकारला जाहीर करावं लागलं, की शुल्क मुदतीत भरून ठेवा, नोंदणीला पुढे चार महिने मिळतील. मला वाटतं, इथे सवलतीपेक्षा तारीख जास्त बलवान ठरली. कायमची तीन टक्के सूट दिली असती तर लोक म्हणाले असते, घेऊ कधीतरी. मुदत घातली, आणि पुढच्या वर्षी घर घेणारा माणूस याच वर्षी सही करून मोकळा झाला. सरकारने उद्याची मागणी उचलून आज आणून ठेवली. अर्थात उद्यासाठी त्यामुळे तेवढी कमी उरते, हेही आलंच.

पण ती आज आणण्याला अर्थ होता, कारण घर ही वस्तू एकटी विकली जात नाही. बुकिंग झालं की थांबलेलं बांधकाम हलतं. तयार काँक्रीटच्या गाड्या येतात, सेंट्रिंगवाले परततात, गवंडी आणि बिगारी कामावर लागतात. रायगडातल्या वीटभट्ट्यांवर पिढ्यानपिढ्या राबणारी कातकरी कुटुंबं या साखळीचं अगदी दूरचं टोक. त्यांच्या हातात मजुरी पडली की आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी, तेल, मिठाची विक्री वाढते. एकाचा खर्च तीच दुसऱ्याची कमाई, आणि त्या दुसऱ्याच्या खर्चातून तिसऱ्याची. जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली या फेऱ्यांचा हिशेब मांडला आणि जगातल्या सरकारांना पटवून दिलं, की सगळेच जण एकदम हात आखडतात तेव्हा कोणीतरी मुद्दाम खर्च करावा लागतो. तसा हात सैल सोडणं परवडतं फक्त सरकारला.

मग २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच्या उलट का केलं? फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. सूर्यफुलाचं तेल महागलं, कच्चं तेल भडकलं, एप्रिलमध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपयांवर गेलं आणि देशातला महागाईचा दर पोचला ७.७९ टक्क्यांवर. ४ मे २०२२ रोजी, नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर अचानक बैठक घेऊन, रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवला. आता विचारा, सुकापूरचा हप्ता वाढल्याने युक्रेनचं तेल स्वस्त होतं का? मुळीच नाही. मग हप्ता वाढवायचा कशाला? कारण महागाई एका वस्तूवर थांबत नाही. डिझेल चढलं की टेम्पोचं भाडं चढतं, भाडं चढलं की भाजी चढते, भाजी चढली की सगळेच पुढच्या वर्षाची वाढ धरून भाव लावायला आणि पगार मागायला लागतात. व्याज वाढवून रिझर्व्ह बँक ही पुढची फेरी अडवते. लोकांच्या हातचा पैसा थोडा हप्त्यात अडकतो, दुकानदाराला भाव वाढवताना दोनदा विचार करावा लागतो. म्हणजे काळ्या समुद्राकाठी तोफ डागली गेली, आणि गाढी नदीच्या खोऱ्यातल्या एका नोकरदाराने महिन्याला साडेचार-पाच हजार रुपये जास्त भरले, ते वांग्याचा भाव काबूत राहावा म्हणून! हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

या अधिकाराला लगाम आहे, हेही सांगितलं पाहिजे. २०१६ पासून दर ठरवते ती सहा जणांची समिती, तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे बाहेरचे. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ ते ६ टक्क्यांच्या मध्ये ठेवायची हे बंधन. सलग तीन तिमाही ते साधलं नाही, तर का साधलं नाही याचा लेखी खुलासा सरकारला द्यावा लागतो. ३ नोव्हेंबर २०२२ ला समितीची खास बैठक त्याचसाठी भरली. देशाच्या पैशावर सत्ता चालवणारी संस्था कायद्याने कारणं द्यायला बांधलेली आहे!

आणि ज्यांच्यावर कर्ज नाही त्यांचं काय? निवृत्तीचे पैसे एफडीत ठेवून व्याजावर घर चालवणारी मंडळी या भागात थोडी नाहीत. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांच्या ठेवींवर साडेपाच टक्क्यांच्या आत व्याज होतं आणि महागाई सरासरी सहा टक्क्यांवर. व्याज मिळत होतं आणि तरी ठेव झिजत होती. शेजारच्या दारातल्या कर्जदाराचा हप्ता कमी झाला, त्यातला काही भार या पेन्शनर काकांनी न विचारता उचलला. दर वर जावो की खाली, कोणाच्या तरी ताटातून काढूनच दुसऱ्याला वाढलं जातं. या धोरणाबद्दल बोलताना ही बाजू फार पटकन विसरली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता जमिनीकडे येऊ. पैसा एका नोंदीने निर्माण होतो, जमीन होत नाही. पण एक मार्ग आहे: दूरची जमीन जवळ आणायची. शिवडीहून उरण तालुक्यातल्या चिर्ल्यापर्यंत जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, जपानी कर्जाच्या मदतीने. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं उडू लागली. रिझर्व्ह बँक हजार बैठका घेऊनही असा एक पूल बांधू शकत नाही. तो सरकारी खर्चाचाच प्रांत. विमानतळाच्या परिसरासाठी २०१३ साली 'नैना' क्षेत्र अधिसूचित झालं आणि सिडकोकडे नियोजन आलं. नगररचना योजनांमध्ये जमीनमालकाला ४० टक्के विकसित भूखंड परत मिळतो, बाकीची जमीन रस्ते, बागा, शाळा आणि इतर सोयींसाठी जाते. हा सौदा न्याय्य आहे का, यावर इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. सार्वजनिक पैशाने वाढलेलं मोल कोणाच्या वाट्याला यावं, याचं उत्तर कुठल्याच आकड्यात नसतं.

पतधोरण आणि राजकोषीय धोरण हे दोन्ही प्रांत हाताळलेला पहिला भारतीय याच रायगड जिल्ह्यातला, हे किती जणांना ठाऊक असेल? चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, महाडजवळचं नाते गाव, बालपण रोह्यात. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत बसले, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. पैशाचा भाव ठरवणारी खुर्ची आणि कर व खर्च ठरवणारी खुर्ची, दोन्हींवर बसलेला माणूस! १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं.

शेवटी सुकापूरहून रोज पनवेल स्टेशन गाठून लोकल पकडणाऱ्या कोणाचीही पगाराची स्लिप घ्या. तिथे बहुधा एक ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. कशाचे हे? उत्तर ५० वर्षं मागे नेतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राची शेतं करपली. लोकांनी तलाव खोदले, रस्ते केले, खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले; १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात आधीच करून पाहिलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, आणि ते देणं सरकारला बंधनकारक. पण पैसा? तो उभा करायला १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसला आणि त्यात राज्याने आपली भर घातली. फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या मजुराची मजुरी! पुढे २००५ मध्ये साऱ्या देशाने रोजगार हमीचा कायदा केला तो याच अनुभवावर.

आणि या २०० रुपयांत दोन्ही धोरणांची कशी गाठ पडते पाहा. राज्यघटनेने या करावर मर्यादा घातली आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपयांवर नेली, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. १९८८ मध्ये अडीच हजार ही अनेकांच्या महिन्याच्या पगाराहून मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात चौघांचं कुटुंब एकदा बाहेर जेवून येतं. कोणी कायदा बदलला नाही, कोणी सवलत जाहीर केली नाही. महागाईनेच दरवर्षी थोडाथोडा हा कर माफ करत आणला. दरमहा २०० प्रमाणे अकरा महिन्यांचे होतात २,२००, म्हणून फेब्रुवारीच्या पगारातून मात्र ३०० रुपये कापले जातात.